ओळख आणि सवय



आमच्या गावात रेडिओ आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ही 1958 सालची गोष्ट. गाव बुलढाणा जिल्ह्यातले, लोणारपासून दोन-अडीच कोसांवरचे. ग्रामपंचायतीच्या खोलीत उंच फळीवर तो सेट बसवला, छपरावर तार ताणली, आणि दिवेलागणीला सारे गाव चावडीपुढे लोटले. खोक्यातून माणसाचा आवाज आला. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या काकूंनी तो पुरुषाचा आवाज ऐकला आणि डोक्यावरचा पदर चटकन पुढे ओढला. आतला बाप्या आपल्याला पाहतो आहे की नाही, हे त्यांना समजत नव्हते. पण परक्या पुरुषापुढे पदर नीट असावा, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यांना कोणी हसले नाही. आम्ही सगळेच तेवढे भारावलेले होतो.

पुढच्या वर्षी त्याच फळीखाली चार मंडळी पत्ते कुटत बसू लागली. वर कपाशीवरच्या किडीची माहिती चालू असे आणि खालून कोणीतरी म्हणे, "अरे, जरा बारीक करा तो. पानं ध्यानात राहात नाहीत." पदर ओढणाऱ्या काकूही आता त्याला "रोजचा बडबड्या" म्हणत. खोके तेच, आवाजही तोच. नवल मात्र वर्षाच्या आत विरून गेले होते.

असे का होते? आपल्या माणसांनी याचा विचार फार पूर्वी केला आहे. "दुरून डोंगर साजरे" ही म्हण कोणाला ठाऊक नाही? "पिकते तिथे विकत नाही" असेही आपण म्हणतो. चार बुके शिकलेला माणूस "अतिपरिचयात् अवज्ञा" असे म्हणून मान डोलावतो. तिन्हींचा अर्थ जवळपास एकच: माणूस काय, वस्तू काय, जवळ आली की तिची किंमत उतरते.

आज मला या म्हणींशी थोडे भांडायचे आहे. त्या खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. पण ज्वारी आणि खडे एकाच पोत्यात भरावेत, तसे झाले आहे. दोन निराळ्या गोष्टी आपण एकत्र बांधल्या आहेत. त्या सुपात घेऊन निवडून पाहू.

पहिली गोष्ट माझ्या फजितीची. मी नवा नवा शिक्षक झालो होतो. तालुक्याच्या गावी एका नामवंत वक्त्यांचे व्याख्यान ठरले. विषय होता 'साधी राहणी'. त्यांचे लेख मी कापून वहीत चिकटवून ठेवलेले. अशा माणसाची उतरण्याची सोय आमच्या घरी झाली, तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले. पाहुणे आले. चहा गुळाचा आहे म्हणून त्यांनी परत पाठवला. गादी कडक निघाली. लोक किती जमतील, हे त्यांनी चार वेळा विचारले. आणि धाकटा भाऊ दिवसभर त्यांना पाणी आणून देत होता, त्याच्याकडे त्यांनी एकदाही मान वर करून पाहिले नाही. रात्री व्याख्यान मात्र फार सुंदर झाले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. मी मागे खांबाला टेकून उभा होतो आणि मला एकेक वाक्य कडू लागत होते.

पुढे आठ दिवस मी घरात एकच घोकत होतो, "थोर माणसाला जवळून पाहूच नये." शेवटी आई वैतागून म्हणाली, "अरे, लुगडं पहिल्या धुण्याला रंग सोडतं. तो दोष काय पाण्याचा?"

मी गप्प झालो. आईला शाळा ठाऊक नव्हती, पण कापड ठाऊक होते. रंग कच्चा असेल तर तो जाणारच, आणि लवकर गेला तर बरेच. शिवाय चूक निम्मी माझीही होती. त्यांचे लेख चांगले होते, आजही चांगले आहेत. लेखावरून माणूस मी मनानेच घडवला होता, त्याला हवे तसे नाकडोळे दिले होते. जवळून पाहिल्यावर मोडला तो मी घडवलेला पुतळा. अशा ठिकाणी परिचयाने आपले नुकसान होत नाही. उलट डोळे धुतले जातात. "दुरून डोंगर साजरे" ही म्हण इथे चपखल बसते.

पण दुसरी गोष्ट निराळी आहे. तिथे रंग पक्का असतो, कापड अस्सल असते, आणि तरीही आपल्याला ते दिसेनासे होते. तिचा दाखला माझ्या गावाजवळच आहे.

लोणारचे तळे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जमिनीत जवळजवळ गोल असा प्रचंड खळगा आहे. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर, खोली सव्वाशे मीटरांहून अधिक, आणि तळाशी खारे पाणी. काठावर गोड्या पाण्याची धार बारमाही पडते, आत कमळजादेवीचे देऊळ आहे, गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे. लवणासुर नावाच्या दैत्याला विष्णूने इथे मारले, अशी कथा आम्ही आजीकडून ऐकली. लहानपणी आम्ही देवीला जात असू, भावकीतली पोरे तिथल्या उतारावर शेरडे चारत. पुण्याकडची कॉलेजची मुले कधी सहलीला येत, काठावर उभी राहून तोंडात बोटे घालत, वाकून दगड वेचत. आम्ही पोरे त्यांना हसत असू. दगड वेचायला एवढ्या लांब यायचे! ह्यांच्या गावाला दगड नाहीत काय?

ते दगडच बोलके होते. हा खळगा ज्वालामुखीचा असावा, असे पुष्कळ दिवस मानले जाई, कारण आपला सगळा दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाचाच आहे. मग तळ्यात भोके पाडून खालचे खडक काढले, त्यांची तपासणी झाली. प्रचंड आघाताचा दाब बसल्यावाचून होत नाही अशी काच त्या खडकांत सापडली. 1973 साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते प्रसिद्ध केले. आकाशातून एक अशनी येऊन इथे आदळला आणि हा खळगा झाला. अलीकडच्या एका मोजणीप्रमाणे या गोष्टीला साडेपाच लाखांहून अधिक वर्षे लोटली आहेत. अशनीच्या आघाताची विवरे पृथ्वीवर बरीच आहेत. पण काळ्या बेसाल्ट खडकातले आणि इतके चांगले टिकलेले विवर फार दुर्मिळ. चंद्रावरच्या मोठ्या काळ्या डागांचा खडकही याच जातीचा आहे. म्हणून चंद्राची विवरे समजून घेऊ पाहणारे लोक आमच्या लोणारची वाट धरतात. ज्या उतारावर आमची शेरडे चरत होती, तो उतार चंद्राचा शेजारी निघाला!

2020 च्या जून महिन्यात त्या तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पाणी आटले होते, खारटपणा वाढला होता, आणि अशा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग आणला, असे तपासात दिसून आले. त्याच वर्षी या तळ्याचा समावेश जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. त्या दिवसांत आमच्या गावचे एक गृहस्थ मला भेटले. वय सत्तरीचे. मला म्हणाले, "गुरुजी, बायकोला घेऊन तळं पाहून आलो. लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण पाहायला म्हणून पहिल्यांदाच गेलो."

आता सांगा, या गृहस्थांचा तळ्याशी परिचय अति झाला होता काय? मला तर वाटते, तो झालाच नव्हता. सुरू झाला आणि थांबला. तळे डोळ्यांना रोज दिसत होते, पण त्याला नवा प्रश्न विचारणे आम्ही सगळ्यांनीच सोडून दिले होते. यालाच सवय म्हणतात. ओळख वाढत असते. सवयीला वाढ नसते. म्हणीत "अतिपरिचय" म्हटले आहे, ती बहुधा ही सवयच असावी.

तळ्याचे झाले, तसे माणसाचेही होते. बहिणाबाई चौधरींचे नाव आज शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. 1880 साली जळगावजवळच्या असोद्याला त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख नव्हती. लग्न होऊन त्या जळगावला आल्या, ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि सारा जन्म शेतात नि घरात राबण्यात गेला. राबता राबता त्या गाणी रचत. ती गाणी घरच्यांच्या कानांवर रोज पडत होती. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ती गाणी वेळोवेळी उतरून घेतली, हे आपल्यावर त्यांचे मोठे उपकार आहेत. पण 1951 साली बहिणाबाई गेल्या, तोपर्यंत ती वही घरातच राहिली. पुढे ती आचार्य अत्र्यांच्या पुढे आली, आणि आपल्या हाती काय आले आहे हे त्यांनी तत्काळ ओळखले. 1952 साली पुस्तक निघाले. महाराष्ट्र चकित झाला.

ही हकीकत सांगून "पाहा, घरच्यांना किंमत नव्हती" असे म्हणणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. गाणी लिहून घ्यावीशी वाटली, ती घरच्यांनाच. पण आईचे गाणे हे घरात चुलीच्या धुरासारखे असते. ते घराचेच वाटते, जगापुढे ठेवावे असे वाटत नाही. त्याला कधी कधी बाहेरचा कान लागतो.

मला या हकीकतीत त्याहून मोठी गोष्ट दिसते, ती खुद्द बहिणाबाईंची. त्यांनी गाणी रचली ती कशावर? जाते, मोट, पेरणी, सुगरणीचा खोपा, शेतात घुसणारे गुरू, माणसाचे मन. यांतली एकही वस्तू लांबची नाही. जन्मभर रोज हाताखाली आणि डोळ्यांपुढे असलेल्या ह्या गोष्टी. परिचयाने अवज्ञाच होत असती, तर जात्याचा खुंटा चाळीस वर्षे हातात धरणाऱ्या बाईला जात्यावर गाणे सुचलेच नसते. त्यांची ओळख कधी थांबली नाही, म्हणून नवलही थांबले नाही.

आता माझ्या स्वतःच्या आंधळेपणाची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरीच वर्षे लागली.

1972 च्या दुष्काळाच्या साली माझी नेमणूक एका दोनशिक्षकी शाळेत झाली. दुसरे गुरुजी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. नऊ वर्षे आम्ही एकाच व्हरांड्यात दोन-दोन वर्ग घेऊन बसलो. माणूस अबोल. गोष्ट सांगायला लागले की मुले पेंगत. अधिकारी तपासणीला आले की मीच पुढे होऊन बोलत असे. त्यांची एक सवय मला चमत्कारिक वाटे. शाळा अकराची, आणि हे नऊलाच हजर. ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून घागरीने पाणी आणून ते स्वतः रांजण भरत. मधल्या सुट्टीत ओगराळे हातात घेऊन रांजणाशी उभे राहात आणि एकेका मुलाच्या ओंजळीत पाणी घालत. मी गावात चेष्टेने म्हणायचो, "आमच्या गुरुजींचं घरी पटत नसावं, म्हणून शाळेत लवकर येतात." लोक हसत. त्यांच्याही कानांवर ते गेले असणार. ते काही बोलले नाहीत.

1981 साली त्यांची बदली झाली. नारळ आणि टोपी देऊन आम्ही त्यांना निरोप दिला. मी भाषण केले. भाषणात त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे मला फारसे सुचले नाही, म्हणून कर्तव्यदक्षता वगैरे शब्द वापरले.

पुढच्या सोमवारी रांजण अर्धाच भरलेला होता. पाण्याचे काम मी मोठ्या मुलांकडे सोपवले. मंगळवारी काही मुलांनी घरून तांबे आणले. गुरुवारपर्यंत रांजणापाशी दोन तऱ्हा झाल्या. काही मुले सरळ जाऊन पाणी बुडवून घेत. काही मुले, गावकुसाकडच्या घरांतली, चार हातांवर उभी राहात आणि कोणी ओंजळीत पाणी घालील याची वाट पाहात. दोन मुली तर मधल्या सुट्टीत ओढ्यावरच जाऊ लागल्या. कोणी कोणाला काही बोलले नव्हते. भांडण नव्हते, नियमही कोणी केला नव्हता. 1950 साली घटनेने अस्पृश्यता नष्ट केली, 1955 साली तसा कायदाही झाला, हे मी त्याच मुलांना त्याच व्हरांड्यात शिकवत होतो. पाठ त्यांना तोंडपाठ होता.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की हे गुरुजी नऊ वर्षे नऊ वाजता का येत होते. पाणी कोणी भरले, रांजणाला कोणाचा हात लागला, हा प्रश्न त्यांनी मुलांपुढे कधी येऊच दिला नव्हता. सगळ्यांना एकच ओगराळे, सगळ्यांची ओंजळ. त्यावर त्यांनी कधी भाषण केले नाही. मी सुविचार लिहून फळा सजवत होतो, आणि तो पाठ माझ्या डोळ्यांदेखत रोज चालला होता.

मी त्यांना लांबलचक पत्र लिहिले, क्षमाही मागितली. आठ दिवसांनी त्यांचे पोस्टकार्ड आले. मजकूर एवढाच: "रांजण आठवड्याने आतून घासत जावा, तळाला शेवाळ धरते. दोर जुना झाला आहे, बदलावा. ओगराळे आपल्याच हाती ठेवावे. बाकी क्षेम."

दुसऱ्या दिवसापासून मी नऊला जाऊ लागलो. ओढ्यावर जाणाऱ्या त्या दोन मुली पहिले काही दिवस रांजणाकडे फिरकल्या नाहीत. मी हाक मारली नाही, नुसता ओगराळे घेऊन उभा राहिलो. दहाव्या की बाराव्या दिवशी त्या आल्या. आणि महिन्याभरात एक गावकरी मला हसत म्हणाले, "काय गुरुजी, तुमचंही घरी पटत नाही वाटतं?"

श्रोतेहो, त्या गुरुजींबद्दल माझ्या मनात आज जो आदर आहे, तो दुरून उपजलेला नाही. त्यांनी पाणी किती वाहिले हे मला खांद्याला कळले आहे. म्हणून तो धुण्याने जात नाही. दुरून वाटणारे कौतुक पुष्कळदा फुकटचे असते. जवळच्या माणसाचे कौतुक करायचे म्हणजे त्याच्या कामाला आपला हात लावून पाहावा लागतो.

मग सवय मोडावी कशी? माझ्याकडे मोठा उपाय नाही. 1956 साली पुण्याच्या नभोवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. गावातली वीसेक माणसे एकत्र बसून शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम ऐकत आणि तो संपल्यावर त्यावर आपसात चर्चा करीत, शंका असतील त्या केंद्राला कळवीत. आमच्या चावडीवर रेडिओखाली पत्ते आले, याचे कारण मला यात सापडते. आम्ही नुसते ऐकत होतो, उलट विचारत नव्हतो.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. निबंधाला 'ताजमहाल' जरूर द्या, पण महिन्यातून एकदा मुलांना सांगा: आपल्या घरातली किंवा गावातली रोज दिसणारी एक वस्तू घ्या आणि तिच्याबद्दल तुम्हाला ठाऊक नसलेले तीन प्रश्न लिहून आणा. पारावरचा वड कोणी लावला? आड किती हात खोल आहे, तो बांधला कोणी? आजीच्या हातावर गोंदले आहे ते काय, आणि ते करताना तिचे वय काय होते? उत्तरे पुस्तकात मिळणार नाहीत. मुलांना माणसांकडेच जावे लागेल, हाच त्यातला फायदा.

आणि घरोघरच्या कर्त्या माणसांनाही सांगतो. आज रात्री जेवताना भाकरी ताटात पडेल. चाळीस वर्षे तशीच पडते आहे. पीठ कोणत्या गिरणीतून आले, तिथपर्यंत ते डोक्यावरून कोणी नेले, आज सरपण ओले होते की सुके, एवढे एकदा विचारून पाहा. समोरची बाई प्रथम दचकेल, "आज हे काय नवीन?" असे म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही पुन्हा विचारा, आणि ती सांगू लागली की मध्ये बोलू नका.

त्या गुरुजींना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचे ते पोस्टकार्ड मी जपून ठेवले आहे. त्या शाळेत पुढे नळ आला, रांजण गेला. ओगराळे मात्र मी निवृत्त होताना शाळेकडून मागून घेतले. ते आमच्या माजघरात खुंटीला टांगलेले असते. नातवंडांना त्याची आता सवय झाली होती. परवा धाकटीने विचारले, "आजोबा, याचा दांडा एवढा लांब कशाला?"

तिला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तीच आज आपल्याला सांगितली.